गुरुजींची गरी

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण गरवायला गेला आहात? गरवणं म्हणजे गरी टाकून मासे पकडणं. आमच्या कुणकेश्वरात हे तिसरीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. मला मात्र ते पुन्हा शिकावं लागलं, त्याचीच ही गोष्ट.

एका रविवारी माझे तीन मित्र आले, डी.एड.ला बरोबर असलेले. एकाने तर घरी कोंबडीच्या पिसाची खोटी माशी बांधून आणली होती. "काश्मीरात ट्राउट असाच पकडतात!" म्हणाला. खरं आहे. १९००च्या सुमारास इंग्रजांनी स्कॉटलंडहून ट्राउटची अंडी काश्मीरात आणली, आणि तिथल्या थंड, वाहत्या नद्यांत ती रुजली. पण आमचं पाणी कोमट आणि खारट! इथल्या माशांना ती माशी काय कळणार? त्यांना हवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी.

आदल्या रात्री मी ऐटीत गणित मांडलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, तास-अर्धा तास इकडेतिकडे. अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती. आठपर्यंत कातळाला पाणी असणारच. करून बघा हं तुम्हीही, पंचांग घेऊन!

वाटेत माझा एक विद्यार्थी भेटला. आमच्या हातातलं तंगूसाचं रीळ बघून म्हणाला, "गुरुजी, आज भांग आसा. मासो खय गावतलो?"

मी हसलो. गुरुजी ना मी!

मंदिराच्या पलीकडच्या कातळावर बसलो. पहिली गरी कपारीत अडकली, तुटली. दुसरीचं सुंगट कुर्लीने खाल्लं. तिसरी पुन्हा कपारीत. पिसाची माशी वाऱ्याने उलटी येऊन मालकाच्याच टोपीत रुतली! पाणी कसं, तर तळ्यासारखं गप्प. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. अष्टमीला ते काटकोनात असतात. एकाची ओढ दुसरा कमी करतो. तोच भांग. वेळेचं माझं गणित बरोबर होतं, पाण्याला जोर किती, हे मी विचारलंच नव्हतं.

उन्हं डोक्यावर आली. बोलणंही संपलं. कुणी कुणाकडे बघेना.

आणि ओढ लागली! मित्राने सरसर तंगूस ओढला. वर आला एक गुटगुटीत मासा आणि बघता बघता फुगून चेंडू झाला. आम्ही टाळ्या पिटल्या. मित्राची मुलगी घरी वाट बघत होती, "बाबा, मासा आणा हं" म्हणून. त्याने तो पिशवीत टाकलासुद्धा.

"टाका तो आधी! केंड तो!"

मागून तोच विद्यार्थी ओरडत येत होता. केंड, म्हणजे फुगा मासा. पोपटाच्या चोचीसारखे दात, त्यांनी तंगूस कापतो. त्याच्या यकृतात, अंड्यांत, कातडीत भयंकर विष असतं, आणि मुलांनो, शिजवून ते जात नाही. जपानात हा मासा रांधायला स्वयंपाक्याला परवाना लागतो.

मित्राचा चेहरा पांढराफटक पडला. केंड पाण्यात सोडला. थोडा वेळ तसाच तरंगला, मग फुस्स होऊन बुडी मारून गेला. मित्राने पिशवी तीनदा धुतली. मी त्याला काही बोललो नाही. पोरगा तिथे नसता तर मीच तर सांगणार होतो, आमटी झकास होईल म्हणून!

जाताना बाजारातून बांगडे घेतले. मुलीला काय सांगायचं, ते त्याचं तो बघेल.

सोमवारी वर्गात शिरलो, तर फळ्यावर खडूने काढलेला एक टम्म फुगलेला केंड. डोळ्यांवर चष्मा, अगदी माझ्यासारखा. वर्ग चिडीचूप. मी चष्मा काढून पुसला, आणि केंडाशेजारी लिहिलं: ८ × ३/४ = ६. म्हटलं, "चला, यात काय राहिलं ते कोण सांगतं?"

सगळ्यांत आधी वर झालेला हात कुणाचा होता, ते तुम्ही ओळखलंच असेल.