रिपोर्ट साफ, दुखणं कायम

उन्हाळी लागली की आपल्याकडे उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी धने-जिऱ्याचं पाणी, मग सब्जा, तरी नाही थांबलं तर मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणि लघवीचं सिरप. बहुतेकींचं तेवढ्यावर भागतं. ज्यांचं वर्षानुवर्षं भागत नाही, त्यांच्याबद्दल आज लिहायचं आहे.

त्यांच्या फाइली बारामतीत काय नि इंदापुरात काय, सारख्याच असतात. सोनोग्राफी झालेली असते, खडा नसतो. लघवीच्या साध्या तपासणीत दोन-चार पस सेल दिसतात, त्यावर अँटिबायोटिकचा कोर्स होतो, महिन्याभराने पुन्हा तेच. कल्चर एकतर केलेलंच नसतं, नाहीतर त्यात जंतू सापडलेला नसतो. शेवटी कुणीतरी सांगतं, "ताई, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." ताई घरी येतात आणि रात्रीतून सहा वेळा उठतात.

वारंवार साफ येणारं कल्चर पाहून फाइल बंद करायची नसते. खरा शोध तिथून सुरू व्हायला हवा.

मूत्राशयाच्या या जुनाट दुखण्याला डॉक्टर इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. लघवीची पिशवी भरत जाते तसं ओटीपोटातलं दुखणं वाढतं, मोकळं झालं की जरा उतार पडतो, आणि थोड्या वेळात पुन्हा तेच. दिवसाला वीस-वीस वेळा जावं लागणाऱ्या बायका आहेत. हे सहा आठवड्यांच्या वर चाललं आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कारण सापडलं नाही, तर या आजाराचा विचार करतात. बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी 1915 मध्ये अशा रुग्णांच्या मूत्राशयातले चट्टे नोंदवले. ते आजही हनरच्या नावाने ओळखले जातात, पण सापडतात थोड्याच रुग्णांत. बाकीच्यांची पिशवी दुर्बिणीतून जवळजवळ निरोगी दिसते. आतलं संरक्षक अस्तर विरळ होऊन लघवीतले क्षार भिंतीला झोंबत असावेत आणि तिथल्या नसा हळव्या होत असाव्यात, असं मानलं जातं. आजार दुर्मीळही नाही. अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज 33 ते 79 लाख प्रौढ स्त्रियांचा होता. पुरुषांनाही तो होतो, फक्त त्यांचा प्रोस्टेटच्या खात्यावर जमा होतो.

मग अँटिबायोटिकने दोन दिवस बरं कसं वाटतं? हे दुखणं लाटेसारखं येतं आणि ओसरतं. लाट ओसरायच्या वेळी गोळी पोटात असली की श्रेय गोळीला जातं. जंतूच नसताना असे कोर्स होत राहिले, की खऱ्या संसर्गाच्या वेळी औषध लागू पडत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. पस सेल आहेत पण कल्चर साफ आहे, तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयाचा संशय घेतलाच पाहिजे, त्याची वेगळी तपासणी असते. लघवीतून रक्त जात असेल, तर दुखो वा न दुखो, कर्करोग नाही याची खात्री आधी. खडा, मधुमेह, स्त्रीरोग हेही तपासायचं. एवढं झाल्यावरच वरचं निदान करावं.

उपचाराला पुण्याला जावंच लागतं, हा आपला समज मला मान्य नाही. इंदापूरहून एसटीने पुणं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि जिला अर्ध्या तासाने जावं लागतं तिला तो प्रवासच शिक्षा. सुरुवातीचे उपचार तालुक्याला होऊ शकतात. तीन दिवस वहीत लिहायचं: किती वाजता लघवी झाली, किती झाली, दुखलं किती. चहा, कॉफी, तिखट, टोमॅटो, लिंबू-संत्री, कोल्ड्रिंक काही आठवडे बंद करून मग एकेक सुरू करायचं, म्हणजे आपल्याला काय बाधतं ते कळतं. ज्यांचे ओटीपोटाखालचे स्नायू ताठरलेले असतात, त्यांना ते सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी लागते. मोबाइलवर पाहून आवळायचे व्यायाम केले तर त्रास वाढतो.

गोळ्यांत अमिट्रिप्टिलिन हे जुनं, स्वस्त औषध कमी मात्रेत देतात. ते मुळात नैराश्यावरचं. दुकानात "ही तर डोक्याची गोळी" असं कानावर पडलं की बायका ती बंद करतात. ती इथे हळव्या झालेल्या नसांसाठी असते. झोप येते, तोंड कोरडं पडतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगावं. पेंटोसन नावाचं औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम आढळले आहेत, म्हणून नेत्रतपासणी हवी. एवढ्याने भागलं नाही, तर नळीवाटे पिशवीत औषध सोडणं, दुर्बिणीतून चट्टे जाळणं हे युरोलॉजिस्टचं काम. आजार मुळासकट जाईलच असं नाही, पण रात्रीची झोप परत मिळू शकते.

आपल्या भागात एक भीती जास्त आहे. बाईच्या ओटीपोटात दुखलं की पहिलं बोट गर्भाशयाकडे जातं. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मराठवाड्यातून निघालेल्या अशाच टोळ्या दर हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या फडांत उतरतात. दुखणं मूत्राशयाचं असेल, तर गर्भाशय काढून ते जात नाही. ऑपरेशनच्या चिठ्ठीआधी लघवीच्या तक्रारी विचारल्या गेल्या का, हे नातेवाइकांनी विचारावं.

शौचालय नसल्याने हा आजार होतो, असं मी म्हणणार नाही. पण आजार जडलेल्या बाईचं काम टिकतं की सुटतं, ते शौचालयावर ठरतं. फडात आडोसा नाही, शिवणकामाच्या लाइनवर उठायची चोरी, म्हणून ती पाणीच कमी पिते. लघवी दाट होते आणि जास्त झोंबते. तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते तेव्हा फिरती शौचालयं उभी राहतात. म्हणजे ती उभी करता येतात. गाळपाच्या हंगामात कोप्यांच्या तळांवर ती ठेवण्याची जबाबदारी कारखान्यांनी घ्यावी.

आणि बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2019 पासून सुरू आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस जुनाट ओटीपोटदुखीची ओपीडी काढावी, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपीची माणसं एका खोलीत बसवावीत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं यंत्रही लागत नाही. तोवर बायांनो, अँटिबायोटिकच्या पुढच्या कोर्सआधी कल्चरला नमुना द्या, आणि तीन दिवसांची वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.