कर्णयुक्त कीं कर्णाकृती ?

वनस्पतींचीं वर्णनें मराठींत लिहितांना ‘कर्णाकृती’ हा एकच शब्द पुष्कळदां दोन निरनिराळ्या अर्थीं योजिला जातो, हें आमच्या मतें शेतकऱ्याच्या हिताचें नाहीं. कढईस कान असतात, पण कढई कानासारखी नसते. कानवला कानासारखा असतो, पण त्यास कान नसतात. चुलीपाशीं जो भेद कोणास सांगावा लागत नाहीं, तो पुस्तकांत मात्र पुसला जातो. लॅटिन भाषेंत दोहोंस वेगळे शब्द आहेत. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कान असलेली, व ‘ऑरिक्युलिफॉर्मिस’ म्हणजे कानाच्या आकाराची.

ऑस्ट्रेलियन बाभळीची शेंग मुरडून कानासारखी होते, म्हणून ती ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’. आपल्या उमरखेडकडील माळावरच्या तरवडाची गोष्ट निराळी. त्यास लिनियसनें १७५३ सालीं ‘कॅशिया ऑरिक्युलाटा’ असें नांव दिलें. सांप्रत त्याची गणना ‘सेन्ना’ वंशांत होते. त्याची शेंग चपटी व कागदासारखी पातळ असते, तींत कान शोधणें व्यर्थ. तरवडाचे कान पानाच्या देठाच्या बुडाशीं आहेत. तेथें दोहों बाजूंस रुंद, गोलसर, हिरवीं उपपर्णें असतात व तीं पुष्कळ दिवस टिकतात. नुसतें ‘कर्णाकृती’ वाचून शेंग पाहणारा निराश होतो, आणि मग पिवळ्या फुलावरच भिस्त ठेवितो.

पिवळीं फुलें कासविंद्यासही येतात. तरवडाची साल कातडें कमावण्यास व फुलें काढ्यास नेतात. कासविंद्याचें बीं मात्र विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशांत लहान मुलें दगावलीं, त्याचें कारण हें बीं खाणें होय, असें डॉक्टरांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें. कासविंद्याचीं उपपर्णें बारीक असून लवकर गळतात. म्हणजे जी खूण दोहोंस वेगळें करते, तीच या ढिल्या शब्दानें झांकली जाते. जिरायताच्या रकान्यांत बागायत लिहिलें तर कारकुनास जाब द्यावा लागतो. ग्रंथकारास कोण विचारतो?

यास्तव या मासिकांत तरी तरवडास ‘कर्णयुक्त’ म्हणावें, आणि कान कोणत्या अवयवास आहेत तेंही सोबत लिहावें. तरवड म्हणून कोणी कांहीं विकावयास आणील, तर सुटीं फुलें न पाहतां देठांसह ओली डहाळी मागावी.