संगणक जिथे अडत नाही, तिथली चूक

मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवर काम करणाऱ्या नव्या विद्यार्थ्याचे पहिले काही महिने बहुधा संगणकाशी झुंजण्यातच जातात. कधी फाइल सापडत नाही, कधी मेमरी अपुरी पडते, कधी प्रोग्राम अर्ध्यातच बंद पडतो. अखेर एके दिवशी विश्लेषण शेवटपर्यंत चालते, रुग्ण आणि निरोगी व्यक्ती या दोन गटांतील फरक पडद्यावर लाल-पिवळ्या डागांनी उमटतो आणि सुटकेचा निःश्वास टाकला जातो. खरी तपासणी मात्र तेथूनच सुरू व्हायला हवी. विश्लेषण थांबवणारी चूक निरुपद्रवी असते, कारण ती स्वतःहून समोर येते. घात करते ती मुकाट्याने पुढे जाणारी चूक.

अशा चुका अगदी साध्या असतात. प्रतिमांचा क्रम आणि वय-लिंगाच्या तक्त्यातील ओळींचा क्रम जुळत नसेल, तर सॉफ्टवेअर एकाचे वय दुसऱ्याच्या मेंदूला लावते आणि तक्रारही करत नाही. सर्व रुग्णांची तपासणी एका यंत्रावर व सर्व निरोगी व्यक्तींची दुसऱ्या यंत्रावर झाली असेल, तर यंत्रांमधील फरक आजाराच्या खात्यावर जमा होतो. तपासणीत डोके हलले की कॉर्टेक्सची जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली जाऊ शकते, आणि अनेक आजारांत रुग्णांची हालचाल अधिक असते. प्रतिमेतील सीमारेषा हाताने सुधारणाऱ्याला ती कोणत्या गटातील आहे हे ठाऊक असेल, तर दुरुस्तीतूनच फरक निर्माण होऊ शकतो.

हा धोका काल्पनिक नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्यांनी त्याच प्रतिमा मोजल्या, तेव्हा मेंदूच्या भागांच्या घनफळात सरासरी सुमारे ९ टक्के तफावत आढळली. २०१६ मध्ये संशोधकांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या एफएमआरआय नोंदींमधून यादृच्छिक गट पाडून एसपीएम, एफएसएल व एएफएनआय यांची परीक्षा घेतली. खोटा निष्कर्ष ५ टक्के वेळा अपेक्षित होता. काही पद्धतींत तो ७० टक्क्यांपर्यंत गेला. याच कामात एएफएनआयमधील पंधरा वर्षे दडून राहिलेला एक दोषही उघड झाला. २०२० मध्ये ७० चमूंनी १०८ जणांची एकच माहिती तपासली. कोणत्याही दोन चमूंची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती आणि अनेक प्रश्नांवर उत्तरेही वेगळी आली.

भारतात हा प्रश्न आणखी एका अंगाने पुढे येतो. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० तरुण भारतीयांच्या प्रतिमांवरून मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा तो सरासरीने पाश्चात्त्य नकाशांपेक्षा लांबी, रुंदी व उंचीने लहान असल्याचे दिसले. तरीही परदेशी नमुना-मेंदूवर येथील प्रतिमा बसवताना त्या किती ताणल्या गेल्या, हे डोळ्यांनी पाहण्याचा कंटाळा केला जातो.

यात सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना दोष देणे योग्य नाही. ही साधने बहुतांशी मोफत व खुली आहेत; म्हणूनच त्यांतील दोष सापडले आणि दुरुस्त झाले. जबाबदारी वापरणाऱ्याची, त्याच्या मार्गदर्शकाची आणि प्रबंध तपासणाऱ्याची आहे. सर्व प्रतिमांसाठी एकच आवृत्ती, गट न कळता केलेली पाहणी, निकालापूर्वी ठरवलेली सांख्यिकी मर्यादा आणि वगळलेल्या प्रतिमांची सकारण यादी, एवढे प्रत्येक प्रबंधात असावे. गटांची नावे सरमिसळ करूनही तोच ‘फरक’ दिसतो का, हेही एकदा पाहावे.

रंगीत डाग अखेर कोणाच्या तरी मेंदूविषयीचे विधान असते. ‘या आजारात मेंदूचा हा भाग झिजतो’ असे वाक्य रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचते, तेव्हा तक्त्यातील चुकलेली ओळ शोधायला तेथे कोणी नसते.