डिस्कससाठी आरओ, बोडीसाठी बेशरम

माझ्या ओळखीतल्या चौघांनी गेल्या दोन वर्षांत घरी डिस्कस माशांची टाकी लावली. दोघं भंडारा शहरात, एक तुमसरला, एक साकोलीला. चौघंही माझ्यासारखेच इंजिनिअर. सगळ्यात स्वस्त टाकीलाही चाळीस हजारांच्या वर खर्च आला. त्यातल्या दोन टाक्यांचं तापमान मोबाइलवर दाखवणारं सर्किट मीच जोडून दिलंय. त्यामुळे छंदांना नाकं मुरडणाऱ्या माणसाचा हा लेख नाही, हे आधीच सांगतो.

माझं भांडण दुसरंच आहे. तीनशे लिटर पाणी जिवंत ठेवायला अभ्यास लागतो, हे आपण मानतो. त्यासाठी रात्र रात्र व्हिडिओ बघतो. पण तीस हेक्टरचं तळं जिवंत ठेवणाऱ्या माणसालाही काही कळत असेल, हे आपल्या गावीही नसतं. आणि हे तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या भंडाऱ्यात घडतंय.

डिस्कसला काय लागतं?

डिस्कस हा ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. ताटलीसारखा गोल, चपटा. १८४० मध्ये योहान हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचं मूळ पाणी उबदार, मऊ आणि आम्लधर्मी. टाकीत तापमान २८ ते ३० अंशांवर धरावं लागतं. तो एकटा राहत नाही, पाच-सहा तरी हवेत. प्रत्येकी साधारण चाळीस लिटर पाणी धरलं तर अडीचशे-तीनशे लिटरची टाकी आलीच. उंचीही दीड फुटाच्या आसपास हवी, कारण मासा उभट वाढतो.

खरं काम मात्र मासा आणण्याआधीचं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला मारतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, आणि वनस्पती ते शोषून घेतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत नुसतं पाणी फिरत राहतं. बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. पण घडत असतं, आणि तिथे घाई केली की मासे उलटे तरंगतात.

माझ्या मित्रांना हे सगळं तोंडपाठ आहे. त्यांच्या मोबाइलमध्ये शीट आहे: तारीख, तापमान, पीएच, नायट्रेट, किती पाणी बदललं. मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पाणी म्हणजे नळातून येणारी पारदर्शक वस्तू नाही, त्यात न दिसणाऱ्या जिवांची वस्ती असते, हे आपल्या पिढीला बऱ्याचदा ॲक्वेरियमनंच शिकवलं.

पण ही शिकवण टाकीच्या काचेपाशीच संपते.

एका टाकीचा हिशोब

डिस्कसला आरओचंच पाणी हवं, असं बहुतेकांना सांगितलं जातं. हिशोब करू. तीनशे लिटरच्या टाकीतलं आठवड्याला ४० टक्के पाणी बदललं तर १२० लिटर. वर्षाला ६,२४० लिटर. घरगुती आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. म्हणजे एकूण १८ ते २५ हजार लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे रोज ५५ लिटरचं माप धरलंय. वर्षाचे झाले २०,०७५ लिटर. एक डिस्कसची टाकी म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं पाणी.

आरओचं टाकाऊ पाणी कोणी कपडे धुवायला किंवा बागेला वापरत असेल, आरओच्या पाण्यात नळाचं मिसळत असेल, तर आकडा खाली येतो हे मान्य. पण मुळात हा खटाटोप बहुतेकांना लागतच नाही. बाजारातले बहुतेक डिस्कस जंगलातले नाहीत, पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढलेले आहेत. क्लोरीन काढलेलं, फार जड नसलेलं साधं पाणी त्यांना चालतं. मऊ पाण्याचा हट्ट मुख्यतः पिल्लं काढायची असतील तेव्हाचा. पण पाणी तपासण्याआधी मशीन विकत घेणं हा आपल्या पिढीचा रोग आहे.

ॲमेझॉन आधीच आलंय

तुम्ही म्हणाल, दिवाणखान्यात ॲमेझॉनचा एक तुकडा असला तर काय बिघडलं?

बाहेर बघा. वैनगंगेच्या पात्रावर हिरवी चादर पसरते ती जलपर्णी. ती मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली. जगभर ती पसरली ती निळ्या-जांभळ्या फुलांसाठी, शोभेची वनस्पती म्हणून. म्हणजे तीही कोणाचा तरी छंदच होती. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, गोसेखुर्दच्या धरणामुळे तुंबलेल्या पाण्यात थांबतं, आणि जलपर्णीला फुकटचं खत मिळतं. टाकीत नायट्रेट वाढलं की आपण घाबरून पाणी बदलतो. नदीत वाढलं की पुलावरून फोटो काढतो.

तळ्याच्या काठची बेशरम बघा. तीही अमेरिकेच्या उष्ण भागातली. गुरं तिला तोंड लावत नाहीत. तोडली तर पुन्हा फुटते, म्हणून तर तिचं हे नाव. उथळ काठ तिनं व्यापला की तिथल्या पाणवनस्पती जातात. आणि उथळ काठ हीच माशांची बालवाडी.

राहिला 'टँक क्लीनर' म्हणून विकला जाणारा सकर मासा. हासुद्धा दक्षिण अमेरिकेचा. डिस्कस आपल्या बोडीत सुटला तर जगणार नाही, भंडाऱ्याच्या डिसेंबरची एक रात्र त्याला पुरे, हे मी मान्य करतो. पण त्याच दुकानातून, त्याच पिशवीत येणारा सकर जगतो. हातभर वाढला की टाकीत मावत नाही, मग दयाळू मालक त्याला 'मोकळं' सोडतो. भारतात अनेक ठिकाणी तो नद्या-तलावांत पसरलाय. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. गंमत म्हणजे डिस्कसच्या टाकीतही तो नकोच असतो, कारण तो डिस्कसच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. तरीही दुकानदार देतो आणि आपण घेतो.

जे दारात होतं

पूर्व विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं ते बांधले. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, पाट कोणाच्या बांधीतून न्यायचा, हे सगळं कागदावरच्या डिग्रीशिवाय ठरलं, आणि त्यावर धान पिकलं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. कागदोपत्री त्यांचं नाव झालं 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव. मालगुजारी गेली ते बरंच झालं. पण तिच्यासोबत गाळ काढायची, पाळ दुरुस्त करायची गावाची जबाबदारीही गेली.

या तलावांत मासेमारी करतात ते ढिवर. कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो, कोणता तळाशी चिखलात राहतो, हे त्यांना ठाऊक. धोरण मात्र एकच आलं: रोहू, कतला, मृगळचं बीज सोडा आणि वजन मोजा. जोडीला १९५९ साली भारतात आणलेला गवत्या, म्हणजे ग्रास कार्प. त्याचं काम पाणवनस्पती खाणं, आणि ते तो चोख करतो. वनस्पती गेल्या की त्यांच्यावर वाढणारे किडे गेले, पिल्लांचा आडोसा गेला, बारीक मासळी गेली. अमोनिया-नायट्रेटचं जे चक्र मित्र मला बोर्डावर काढून दाखवतात, त्यातली वनस्पती पुसून टाकल्यासारखंच हे. टाकीत असं कोणी केलं तर त्याला अडाणी म्हणू. तळ्यात केलं तर त्याला मत्स्यविकास म्हणतात.

याच्या उलट दिशेनं काम झालंय, आणि आपल्याच भागात. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांसोबत बसून हे ज्ञान नोंदवलं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात (१९९९ पर्यंत तोही भंडाराच होता) उन्हाळ्यात तलावातली बेशरम उपटली, कोरडा तळ नांगरला, पावसाळ्यात स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक मासे सोडले. मासे परत आले, पाठोपाठ पक्षीही.

लावलेल्या वनस्पतींची नावं ऐका: व्हॅलिसनेरिया, हायड्रिला. ॲक्वेरियमवाले इथे हसतील. कारण हीच व्हॅलिसनेरिया ते ऑनलाइन मागवतात, प्लास्टिकच्या कुंडीत, कुरिअरचे पैसे भरून.

माशांचंही तेच. डिस्कसचे आईबाप पिल्लांना अंगावरचा स्राव खाऊ घालतात. सुरुवातीचे दिवस पिल्लं त्यावरच जगतात. ते बघताना माझे मित्र हळवे होतात, आणि व्हावंच. पण आपल्या बोडीतला मरळही पिल्लं राखतो. तांबूस पिल्लांचा ढग पाण्यावर येतो आणि त्याच्या खाली आईबाप पहाऱ्याला असतात. तो ढग दिसला की आपण काय करतो? खाली मोठा मरळ आहे म्हणून गळ टाकतो.

आणि काचेसारखा पारदर्शक तो छोटा मासा, भारतभर गोड्या पाण्यात सापडणारा? शोभेच्या बाजारात त्याला भाव आला तो सुईनं रंग टोचल्यावर. आपलं आपल्याला दिसावं म्हणून त्याला आधी परकं करून घ्यावं लागतं.

"तलाव सरकारचं काम आहे"

हे उत्तर मला दर वेळी मिळतं. दुसरं उत्तर, "पैसा माझा, टाकी माझी." पैसा तुझाच आहे भाऊ, पाणी नाही. आणि सरकारचं काम म्हणून सोडून द्यायचं तर मग 'निसर्गप्रेमी' हा शब्द इन्स्टाग्रामच्या बायोतून काढ. ज्याला निसर्ग फक्त एलईडीच्या उजेडात आणि तीस अंशांवर आवडतो, त्याला सजावट आवडते. सजावट आवडणं गुन्हा नाही. फक्त तिला प्रेम म्हणू नका.

मी टाक्या फोडायला सांगत नाही. डिस्कस आणलाच असेल तर नीट पाळा, तो जीव आहे. पण आरओ घेण्याआधी पाणी तपासा. सकर घेऊच नका. टाकीतला मासा, गोगलगाय किंवा वनस्पतीचा तुकडा नदी-तलावात टाकू नका. दुसरी टाकी लावायची असेल तर ती इथल्या माशांची लावा. आणि मासे जाऊन ओरबाडू नका. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांना विचारा, त्यांच्याकडून जिवंत मासे घ्या, आणि खाण्याच्या भावानं घासाघीस न करता शोभेच्या माशाचा भाव द्या. ढिवराच्या ज्ञानाला बाजारात किंमत यावी असं खरंच वाटत असेल, तर ती पहिली किंमत ॲक्वेरियमवाल्यांनी मोजावी. पारखणारी नजर त्यांच्याकडेच आहे.

आणि एक शीट तळ्याचीही ठेवा. तुमच्या गावच्या एका तलावाची किंवा बोडीची. उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत उरतं, बेशरम किती काठ खाते, कोणत्या वनस्पती अजून आहेत. पहिल्या रकान्यात माशांची नावं लिहा. ती तुम्हाला येणार नाहीत, गावातल्या म्हाताऱ्या ढिवराला आणि त्याच्या घरच्या बाईला येतील. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग जाळं ओढताना त्यांच्याबरोबर उभे राहा आणि त्यातली किती नावं अजून पाण्यात आहेत ते मोजा.