स्टेशन चकाचक झालं. आता गाडीचं बोला!

२२ मे २०२५ ला पंतप्रधानांनी 'अमृत भारत' योजनेतल्या देशभरातल्या १०३ स्टेशनांचं एका दमात उद्घाटन केलं. त्यात आपलं धुळे होतं, जळगाव जिल्ह्यातलं सावदाही होतं. फोटो झाले, रील झाले, अभिनंदनाचे बॅनर लागले. नव्या इमारतीला माझा विरोध नाही. म्हाताऱ्या माणसाला बसायला नीट जागा मिळाली तर चांगलंच आहे. पण भाऊ, माणूस स्टेशनावर बसायला जात नाही, कुठंतरी जायला जातो. आणि धुळ्याहून रेल्वेनं जाता येतं कुठं?

जरा इतिहास बघा. चाळीसगाव-धुळे ही ५६ किलोमीटरची लाईन १९०० सालची. तेव्हा पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झालेले नव्हते, ते १९०६ ला झाले. धुळे अख्ख्या खानदेशचं मुख्यालय होतं. त्याच सुमारास सुरतेहून तापी खोऱ्यातली लाईन नंदुरबार, नरडाणा, अमळनेर करत जळगावकडे आली. ती धुळ्याच्या उत्तरेनं निघून गेली. नरडाणा धुळ्यापासून रस्त्यानं तीसेक किलोमीटर. तेवढा तुकडा सव्वाशे वर्षांत जोडला गेला नाही. म्हणून धुळे आजही शेवटचं स्टेशन. रूळ येतात आणि संपतात.

परिणाम काय? धुळे आणि जळगाव, खानदेशातली दोन जिल्ह्यांची ठिकाणं. रेल्वेनं जायचं तर आधी चाळीसगाव गाठा, तिथं गाडी बदला. सुरतेला कपडा आणायला जाणारा व्यापारी, इंदूरला दवाखान्यात जाणारा पेशंट, सगळे एसटी नाहीतर ट्रॅव्हल्सच्या भरवशावर. मुंबईला थेट गाडी मिळायला २०२३ उजाडलं. त्याआधी मोठ्या गाडीला जोडल्या जाणाऱ्या डब्यांवर आपण समाधान मानत होतो.

"धुळ्याला प्रवासी मिळत नाहीत" हे ठरलेलं उत्तर. वा रे वा! मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरचा हायवे ज्या शहरात येऊन मिळतात, तिथं प्रवासी नाहीत? बसस्टँडवर दिवाळीत एक चक्कर मारा. गाडीच नसेल तर प्रवासी मोजणार कुठं?

आता आश्वासनांचा हिशोब. १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते धुळे-नरडाणा लाईनचं भूमिपूजन झालं. सहा वर्षं उलटली, त्या मार्गानं अजून एकाही धुळेकरानं प्रवास केलेला नाही. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर मार्ग मंजूर केला. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, ३० नवी स्टेशनं, मुदत २०२८-२९. घोषणा मोठी, आनंदही झाला. पण ज्यांना नरडाण्यापर्यंत जायला इतका वेळ लागतो, ते इंदूरला कधी पोचवणार, हे विचारणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

यात आमचीही जात सुटत नाही. पेपरात उद्घाटनाला पहिलं पान आणि रखडलेल्या भूसंपादनाला आतल्या पानावर चार ओळी. मोबदला अडलेला शेतकरी आणि गाडी चुकलेला प्रवासी, दोघांचा प्रश्न एकच आहे.

मागण्या साध्या आहेत.
१) बोरविहीर-नरडाणा मार्गाचं काम कुठपर्यंत आलं, किती जमीन ताब्यात आली, हे रेल्वेनं आणि जिल्हा प्रशासनानं दर तीन महिन्यांनी जाहीर करावं.
२) चाळीसगावला भुसावळ आणि मुंबईकडच्या गाड्यांना मेळ बसेल असं धुळे मेमूचं वेळापत्रक करावं.
३) धुळे-जळगाव-भुसावळ थेट गाडी सुरू करावी. त्याला नवा रूळ लागत नाही, इच्छा लागते.

खासदार कोणत्याही पक्षाचा असो, पुढच्या वेळी स्टेशनासमोर फोटो काढायला आला की एवढंच विचारा: "साहेब, आलात कशानं? रेल्वेनं का गाडीनं?"

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण गप्प बसू नका.