खुर्ची चालवायलाही शिकावे लागते



रेल्वे अपघातात, कंपनीतल्या मशीनवर किंवा पोलिओने अधू झालेला एखादा दादा, एखादी ताई आपल्या विठ्ठलवाडीसारख्या वस्तीत असतेच. मोठ्या खटपटीने विजेवरची खुर्ची मिळते. घरात आनंद होतो. पण पुष्कळदा ती कोपऱ्यातच उभी राहते, कारण आई म्हणते, "नको रे बाबा, कुठे आदळशील!"

ही भीती खोटी नाही. अशा बहुतेक खुर्च्यांत दोन चाकांना वेगवेगळ्या मोटारी असतात. हाताजवळची दांडी झुकवाल तिकडे खुर्ची वळते, सोडली की थांबते. दांडी जरा जास्त झुकली की पाय ठेवायची पट्टी दाराच्या चौकटीवर आपटते. पुढची लहान चाके गटाराच्या फटीत अडकतात.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर संगणकाचा सराव तयार केला. दांडी खरीच, पण दार, वळण, गर्दी सारे पडद्यावर. काही ठिकाणी यासाठी डोळ्यांवर खास चष्मा चढवतात. त्याने कुणाला मळमळते, म्हणून थोडा थोडा वेळच बसवतात. येथे शंभर वेळा आदळले तरी कुणाचे डोके फुटत नाही. खुर्ची नंतर मिळाली तरी हात आधीच तयार होतो.

असे यंत्र आपल्या जवळच्या केंद्रांत यावे, ही मागणी आपण जरूर करू. त्यात आपली अरुंद गल्लीही दिसली पाहिजे. पण तोवर थांबायचे कशाला? सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची रीत आपल्या मैदानातही चालते. पट्टा बांधा, वेग सर्वांत कमी ठेवा. आधी सरळ जाणे व थांबणे, मग पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मांडून त्यांमधून वळणे, शेवटी उतार. शेजारी एक जण चालत राहावा. हाजीअलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. खुर्ची घेण्यापूर्वी अशा जाणकारांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक काम आपल्या हातातले. विहाराच्या पायरीला उतार करा. नियम सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट.

माय-माउल्यांनो, माया करा, पण दांडी त्याच्या हातातून काढून घेऊ नका. कुठे जायचे ते त्याला ठरवू द्या.