ताळमेळ लागला, पैसा कुठे गेला?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके नेली. कुठे जमीनच खरडून गेली. 7 ऑक्टोबरला राज्याने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि मदतीची मर्यादा दोनवरून तीन हेक्टर केली. रक्कम डीबीटीने थेट खात्यात जाते, एवढ्यावर लेखापरीक्षकाने समाधान मानू नये.

छत्रपती संभाजीनगरच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात काय झाले ते पाहा. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत 2022 ते 2024 या काळातल्या अनुदानात सुमारे 25 कोटींचा अपहार चौकशीत उघड झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये महसूल कर्मचाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. नावावर जमीन नसलेले लाभार्थी, फुगवलेले क्षेत्र, दुबार अनुदान. अशा प्रकरणात खाते खरे असते, कोषागाराशी ताळमेळही लागतो. खोटा असतो तो पंचनामा. कोरडवाहूऐवजी बागायत लिहिले की जुन्या निकषाने हेक्टरी 8,500 चे 17,000 होतात.

उपयोगिता प्रमाणपत्र हे पकडत नाही. रक्कम खर्ची पडली, एवढेच ते सांगते.

पकडते ती यादी. लाभार्थ्यांची नावे आणि मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावा, असे मदतवाटपाच्या शासन निर्णयांतच लिहिलेले असते. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4(1)(ख) 2005 पासून हेच बजावते. तरीही वाचकांची तक्रार एकच: यादी शोधून सापडत नाही; सापडलीच तर स्कॅन केलेली, आडवी-तिडवी. तिच्यातून दुबार नाव शोधायचे कसे? संगणकावर तयार झालेली यादी कागदावर छापून पुन्हा स्कॅन करण्याचे कारण जिल्हा प्रशासनाने एकदा लेखी द्यावे. लाभार्थ्याचा विशिष्ट क्रमांक, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, दर आणि रक्कम असलेली, खाते क्रमांक झाकलेली एक्सेल फाइल द्यायला नव्या कायद्याची गरज नाही. गावात तिचे चावडी वाचनही झालेच पाहिजे.

आपल्या लेखापरीक्षक व्यवसायबंधूंनाही विचारायला हवे. शहरात गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट इथल्या त्यांच्या कार्यालयांत जीएसटीच्या प्रत्येक परिपत्रकावर खल होतो. या हजारो कोटींवर मात्र कुणी बोलत नाही. हे थांबवा! प्रत्येकाने आपले मूळ गाव घ्यावे. यादी मागावी, नाकारली तर माहिती अधिकारात अर्ज करावा. वीस नावे निवडून सातबारा, आठ-अ आणि ई-पीक पाहणीशी पडताळावीत. तफावत ग्रामसभेत मांडावी, तहसीलदारांना लेखी कळवावी आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.